विंडोजवरचा जुना गेम लिनक्स आणि मॅकवर: वेळ नेमका कुठे जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन-चार जणांचा संघ आहे. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, डायरेक्टएक्स ९ (विंडोजची ग्राफिक्सची लायब्ररी) वर चालणारा त्यांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा विंडोज गेम आहे. सोर्स कोड पूर्ण हाताशी आहे. तो लिनक्स आणि मॅकवर न्यायचाय, म्हणजे पोर्ट करायचाय. त्यांनी विचारलंय: डायरेक्टएक्सच्या जागी काय घालायचं, या सगळ्याला किती वेळ धरायचा, आणि आधी लिनक्स करायचं की मॅक.

पहिल्या प्रश्नात सगळ्यांचाच जीव अडकलेला असतो. ग्राफिक्सचं काम मोठं दिसतं खरं, पण ते मोजता येतं. डायरेक्टएक्सची कोणती फंक्शन्स कुठे वापरलीत याची यादी काढता येते, एकेक खोडत जाता येतं, आणि काही चुकलं तर ते पडद्यावर लगेच दिसतं. वेळ खातात त्या गोष्टी वेगळ्याच. विंडोज न मागता काही सोयी देत आला, गेमनं त्या नकळत गृहीत धरल्या, आणि त्यांची नोंद कुठेच नाही. फाइलच्या नावांचं स्पेलिंग, फोल्डरमधल्या फाइल कोणत्या क्रमानं मिळतात, रँडम आकडा किती मोठा येतो, थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) किती स्टॅक (तात्पुरती मेमरी) मिळतो, असल्या बाबी. माझं बरंचसं उत्तर त्यांच्याबद्दल आहे.

पण आधी गेम आहे तसा प्रोटॉनवर चालवून बघा. विंडोजच्या लायब्ररी नव्यानं लिहून विंडोजचे प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टीमवर चालवायचे, हे काम वाइन १९९३ पासून करतंय. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वनं ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर बेतलेला प्रोटॉन स्टीममध्ये आणला. डायरेक्टएक्सच्या हाका (फंक्शनला बोलावणं) व्हल्कन या अनेक सिस्टीमवर चालणाऱ्या नव्या ग्राफिक्स प्रणालीकडे वळवणारं डीएक्सव्हीके त्याच्यासोबतच आलं. २०२२ मध्ये स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारं हातातलं गेमयंत्र बाजारात आल्यापासून या जोडीवर एवढं काम झालंय, की एकट्यानं खेळायचा डायरेक्टएक्स ९ चा साधा गेम बहुतेक वेळा काही न बदलता चालतो. तुमचाही चालला, आणि तुम्ही फक्त स्टीमवर विकत असाल, तर लिनक्स पोर्टचा हट्ट सोडायला हरकत नाही. अर्धवट सांभाळलेल्या नेटिव्ह (त्या सिस्टीमसाठीच बांधलेल्या) पोर्टपेक्षा प्रोटॉनवर नीट चालणारा विंडोज बिल्ड (कोडमधून बांधलेली, चालवायला तयार आवृत्ती) खेळणाऱ्याच्या जास्त कामाचा असतो. नेटिव्ह आवृत्ती असूनही लोक मुद्दाम विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर चालवतात, कारण पॅच आधी तिलाच मिळतात.

पोर्ट एकदा करून संपत नाही, हेही आत्ताच मनात धरून ठेवा. रॉकेट लीग या गेमनं २०२० च्या मार्चमध्ये मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्यांचा ऑनलाइन खेळ बंद केला. त्यांनी दिलेलं कारण असं होतं, की विंडोजची बाजू डायरेक्टएक्स ९ वरून ११ वर चाललीय आणि बाकी दोन आवृत्त्या तिच्यासोबत पुढे नेता येत नाहीत. मोठ्या संघाची ही गत, तर तुम्ही तिघं-चौघं.

तरीही पोर्ट हवा अशी कारणं असतात. मॅकवर जायचंच असतं. स्टीमबाहेर विकायचं असतं. गेममधले व्हिडिओ विंडोजच्या मीडिया फाउंडेशनवर चालणारे असतात आणि प्रोटॉनखाली तिथे फक्त रंगीत पट्टे दिसतात. किंवा फसवून खेळणं रोखणारं अँटी-चीट आड येतं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनची सोय केली, पण ती गेमच्या विकसकानं स्वतः चालू करावी लागते. यातलं काही लागू असेल तर पुढे वाचा. प्रोटॉनवरची चाचणी तशीही वाया जात नाही. पुढे तुमचा पोर्ट हळू चालला, तर त्याच यंत्रावर तुलनेला एक आकडा तयार असतो.

आता कोड. पहिल्या दिवशी कोडला हात लावूच नका. गेमच्या फोल्डरमधल्या सगळ्या डीएलएल (विंडोजच्या लायब्ररीच्या) फाइलची यादी करा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: हिचा सोर्स आपल्याकडे आहे का, दुसऱ्या सिस्टीमसाठी ही मिळते का, आणि आपला परवाना त्या सिस्टीमला लागू होतो का. आवाज, व्हिडिओ आणि फिजिक्सच्या विकतच्या लायब्ररींचे परवाने अनेकदा प्लॅटफॉर्मनुसार वेगळे असतात. गेम करताना घेतलेली आवृत्ती आज कुणी सांभाळत नाही, आणि नव्या आवृत्तीची फंक्शन्स निराळी, हेही नेहमीचंच. आयडी सॉफ्टवेअरनं डिसेंबर १९९७ मध्ये डूम या आपल्या गेमचा सोर्स खुला केला तो लिनक्स आवृत्तीचा. डॉसच्या आवृत्तीत आवाजाची लायब्ररी दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेली होती आणि तिचा कोड वाटायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. म्हणजे एका लायब्ररीपायी अख्खी डॉस आवृत्ती बाजूला राहिली. तुमच्या यादीत अशी एखादी निघाली तर ती आत्ताच कळलेली बरी.

त्यानंतरचा माझा नियम साधा आहे: जे जे विंडोजवर बदलता येतं ते आधी विंडोजवरच बदला. गेम तिथे चालतोय, परीक्षा घ्यायला जुनी आवृत्ती शेजारी आहे, आणि काही मोडलं तर कशानं मोडलं ते त्याच दिवशी सापडतं. एकदम लिनक्सवर उडी मारली की कंपायलर नवा, लायब्ररी नवी, ग्राफिक्स नवं, ६४ बिट नवं, आणि काळ्या पडद्यापुढे बसून यातलं कोण दोषी हे ओळखायचं.

क्रम असा ठेवा. आधी ६४ बिट. ऑक्टोबर २०१९ च्या मॅकओएस १०.१५ पासून मॅकवर ३२ बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. त्याच वर्षी उबुंटूनंही ३२ बिट लायब्ररी वगळायचं जाहीर केलं होतं, मग गेमवाल्यांच्या ओरड्यानं पाऊल मागे घेतलं. पण दिशा स्पष्ट आहे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ३२ बिटच्या इंटमध्ये भरून ठेवलेला कोड या टप्प्यावर पकडला जातो. मग कंपायलर: विंडोजवरच क्लँग हा दुसरा कंपायलर लावून बघा. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर खपवून घेतो पण प्रमाण सी प्लस प्लसमध्ये बसत नाही, अशा गोष्टींची यादी तिथेच निघते. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

मग खिडकी, कीबोर्ड, माउस, गेमपॅड आणि आवाज हे सगळं एसडीएलवर (ही कामं सगळ्या सिस्टीमवर एकाच पद्धतीनं करू देणारी लायब्ररी) न्या, तेही विंडोजवरच. एसडीएल हे सॅम लँटिंगा यांचं १९९८ चं काम. व्यावसायिक गेम लिनक्सवर आणणारी लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी त्याच वर्षी निघाली, त्यांनी तिच्यात काम केलं, आणि तिच्या बऱ्याच पोर्टचा पाया एसडीएलच होता. कंपनी २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या पोर्टपेक्षा तिच्या अवतीभवती वाढलेली साधनंच जास्त टिकली, एसडीएल आणि आवाजासाठीचं ओपनएएल दोन्ही. २०१३ च्या एसडीएल २ पासून परवानाही इतका मोकळा आहे की विकायच्या गेममध्ये डोळे मिटून घालावं. एक लक्षात ठेवा: चालण्या-पळण्याच्या कळा अक्षरानुसार बांधू नका, कीबोर्डवरच्या जागेनुसार बांधा. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यू, ए, एस, डी ही अक्षरं एका पंजात येत नाहीत.

एवढं झालं की विंडोजची फंक्शन्स कोडला जोडणारी विंडोज डॉट एच ही हेडर फाइल मोजक्या दोन-तीन फाइलमध्येच उरायला हवी. ती अजून शंभर ठिकाणी सापडत असेल तर लिनक्सवर जायची वेळ आलेली नाही.

आता त्या न मागता मिळालेल्या सोयींकडे येऊ. फाइलची नावं सगळ्यांना माहीत असतात आणि तरी सगळे त्यातच अडकतात. कलाकारानं फाइल ठेवली ती रॉक०१ डॉट टीजीए, तिचं टीजीए मोठ्या लिपीत. लेव्हलच्या फाइलमध्ये नाव पडलं सगळं लहान लिपीत, आणि मधला स्लॅश उलटा. विंडोजला दोन्ही एकच. लिनक्सला ती फाइल अस्तित्वातच नाही. काही जण सगळ्या फाइलची नावं लहान लिपीत करून टाकतात. तुमच्या ताब्यातल्या फाइलपुरतं ते ठीक आहे, पण खेळणाऱ्यांनी बनवलेले मॉड तुमच्या हातात नाहीत, ते मोडतात. त्यापेक्षा गेम सुरू होताना फोल्डर एकदा पिंजून काढा, प्रत्येक फाइलचं लहान लिपीतलं नाव आणि खरं नाव अशी जोडी मेमरीत ठेवा, आणि फाइल उघडण्याचं प्रत्येक काम एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. स्लॅशची दुरुस्तीही तिथेच. २०१९ पासून लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर एखाद्या फोल्डरपुरतं लहान-मोठ्या लिपीचा भेद न करण्याची सोय आहे, पण खेळणाऱ्याच्या यंत्रावर ती चालू असेल असं धरून चालू नका.

याच फोल्डरमध्ये दुसरा सापळा आहे आणि तो फारसा कुणाच्या यादीत नसतो. विंडोजवर एनटीएफएस डिस्कच्या फोल्डरमधल्या फाइल मागितल्या तर त्या नावाच्या क्रमानं मिळतात. ही त्या फाइल सिस्टीमची रचना आहे. तसं वचन कुणी दिलेलं नाही. ईएक्सटी४ वर क्रम वाटेल तसा येतो. आता समजा गेम डेटा फोल्डरमधल्या सगळ्या पॅक फाइल एकापाठोपाठ लोड करतो आणि नंतरच्या पॅकमधली वस्तू आधीच्या वस्तूवर चढते. तुमचा दुरुस्तीचा पॅच याच भरवशावर चालत होता, कारण त्याचं नाव झेडनं सुरू होतं. लिनक्सवर एका यंत्रावर पॅच लागू होतो, दुसऱ्यावर जुनाच दोष दिसतो, आणि दोन्हीकडच्या फाइल अगदी सारख्या. यादी हातात आली की ती स्वतः क्रमानं लावायची. बदल एका ओळीचा आहे, पण ती ओळ कुठे घालायची ते कळेपर्यंत जो वेळ जातो तो कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो.

रँडम आकड्यांची गोष्ट आणखी मजेशीर. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतलं रँड हे फंक्शन ० ते ३२७६७ यांमधला आकडा देतं. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये तीच कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. जुन्या कोडमध्ये रँडचा आकडा थेट ३२७६८ नं भागून शून्य ते एकमधला अपूर्णांक काढलेला हमखास सापडतो. लिनक्सवर त्या अपूर्णांकाचे हजारो होतात, त्यातून काढलेला क्रमांक यादीबाहेर जातो आणि गेम कोसळतो. हे निदान लगेच कळतं तरी. वाईट प्रकार असा, की भागाकार बरोबर आहे पण आकड्यांची मालिकाच निराळी आहे. एकाच बीजावरून (मालिका जिथून सुरू होते तो आकडा) गुहा किंवा नकाशा तयार करणारा गेम असेल तर विंडोजवरचा नकाशा आणि लिनक्सवरचा नकाशा जुळत नाही. उपाय सोपा: सिस्टीमचं रँड वापरणं बंद करा आणि मायक्रोसॉफ्टचंच सूत्र स्वतःच्या कोडमध्ये लिहा. जुन्या आकड्याला २१४०१३ नं गुणायचं, २५३१०११ मिळवायचे, सोळा बिट उजवीकडे सरकवून खालचे पंधरा घ्यायचे. बास. फक्त हेही बघा, की मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत प्रत्येक थ्रेडची मालिका स्वतंत्र असते.

एवढ्यावरही नकाशा जुळला नाही, तर एकाच फंक्शनच्या कंसात रँडला दोनदा बोलावलेलं आहे का ते शोधा. एक्सची जागा रँडम, वायची जागा रँडम, दोन्ही एकाच ओळीत. त्यातलं आधी कुठलं चालवायचं हे भाषेनं कंपायलरवर सोडलंय. क्लँग डावीकडून जातो, इतर कंपायलर अनेकदा उजवीकडून. मग एक्स आणि वायची अदलाबदल होते, आणि झाडं नकाशावर आडवीच्या जागी उभी पसरतात. दोन वेगळ्या ओळी करा, प्रश्न संपला.

अपूर्णांकांचं गणितही बदलतं, आणि त्यात डायरेक्टएक्सचाच हात असतो हे अनेकांना ठाऊक नसतं. डायरेक्टएक्स ९ चं डिव्हाइस तयार करताना वेगळं सांगितलं नाही, तर ते प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ विभागाची अचूकता सिंगल प्रिसिजनवर आणून ठेवतं. म्हणजे तुमच्या ३२ बिट गेममध्ये डबल म्हणून लिहिलेलं बरंच गणित इतकी वर्षं प्रत्यक्षात सिंगलच्या अचूकतेनं होत होतं. ६४ बिट बिल्डमध्ये एक्स८७ च्या जागी प्रोसेसरचा एसएसई हा नवा विभाग आला, डबल खरोखर डबल झालं, आणि कुठली तरी उडी केसभर लांब पडायला लागली. एकट्याच्या गेममध्ये याचं सहसा काही बिघडत नाही. पण फक्त कळांची नोंद ठेवून पुन्हा दाखवले जाणारे रिप्ले असतील, किंवा नेटवर्कवर फक्त आज्ञा पाठवून प्रत्येक यंत्र सगळा खेळ स्वतःच मोजत असेल, तर काही मिनिटांत दोन यंत्रांवरचे खेळ फाटतात. साइन आणि कोसाइनची फंक्शन्स प्रत्येक सिस्टीमची वेगळी, आणि एआरएम प्रोसेसरवर कंपायलर गुणाकार आणि बेरीज एकत्र करून मधलं पूर्णांकन गाळतो. अशा गेममध्ये विंडोजवाल्यानं मॅकवाल्याशी खेळावं असा हट्ट असेल तर वेळेचा अंदाज दुप्पट करा, किंवा खेळाचा गाभा पूर्णांकांवर न्या. मला विचाराल तर पहिल्या आवृत्तीत ही सोय देऊच नका.

सेव्ह फाइल उघडून बघा. बरेच जुने गेम मेमरीतलं स्ट्रक्चर जसंच्या तसं डिस्कवर ओततात. विंडोजवर ६४ बिटमध्येही लाँग चार बाइटचा असतो. लिनक्स आणि मॅकवर आठ बाइटचा. मोठ्या अक्षरसंचासाठीचा डब्ल्यूचार विंडोजवर दोन बाइटचा, तिकडे चार. खेळाडूचं नाव, त्यानंतरचं सोनं, त्यानंतरचा टप्पा, सगळं सरकतं. डिस्कवर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला नेमक्या मापाचे प्रकार वापरा. विंडोजवरची खरी जुनी सेव्ह फाइल चाचणीच्या संचात कायमची ठेवा.

थ्रेडबद्दल दोनच गोष्टी. विंडोजचं क्रिटिकल सेक्शन (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणारं कुलूप) त्याच थ्रेडनं पुन्हा मागितलं तर मिळतं. लिनक्स आणि मॅककडच्या पॉसिक्सचा साधा म्युटेक्स, म्हणजे तसंच कुलूप, तिथेच अडकून बसतो. गेम गोठला आणि प्रोसेसर थंड बसलाय, तर आधी इकडे बघा. दुसरी गोष्ट स्टॅकची: विंडोजवर थ्रेडला सहसा १ एमबी मिळतो, लिनक्सच्या नेहमीच्या सिस्टीमवर ८ एमबी, आणि मॅकवर मुख्य थ्रेड सोडून बाकीच्यांना फक्त ५१२ केबी. मार्ग शोधणारं एखादं फंक्शन मोठी यादी स्टॅकवर मांडत असेल, तर ते लिनक्सवर निवांत चालेल आणि मॅकवर पार्श्वभूमीच्या थ्रेडमध्ये कोसळेल. थ्रेड सुरू करताना स्टॅकचं माप स्वतः लिहून द्या.

आता ग्राफिक्स. तीन रस्ते आहेत. पहिला, रेंडरर (चित्र काढणारा कोड) हातानं नव्यानं लिहायचा. शिकायला उत्तम, पण गेम विकायचाय की शिकायचंय ते आधी ठरवा. दुसरा, मधे पातळ थर घालायचा. व्हॉल्वनं सोर्स या आपल्या गेम इंजिनसाठी डायरेक्टएक्स ९ च्या हाका ओपनजीएल या जुन्या, अनेक सिस्टीमवर चालणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीकडे वळवणारा असाच थर लिहिला होता. तिसरा, आणि तुमच्यासाठी माझ्या मते योग्य: डीएक्सव्हीके लिनक्सवर साध्या लायब्ररीसारखंही जोडता येतं, त्यासाठी वाइन लागत नाही. रेंडरर जसाच्या तसा राहतो आणि हाका व्हल्कनवर जातात. पोर्टल २ या व्हॉल्वच्या गेममधल्या व्हल्कनच्या पर्यायामागे डीएक्सव्हीकेच आहे, त्यामुळे हा काही उपटसुंभ प्रयोग नाही. मॅकवर व्हल्कन मुळात नाही. मोल्टनव्हीके ते मेटलवर, म्हणजे ॲपलच्या ग्राफिक्स प्रणालीवर, चढवतं, पण थरांवर थर रचत जाताना प्रत्येक ठिकाणी काहीतरी गळतं. एक साधं उदाहरण: मेटलमध्ये ट्रँगल फॅन (एका बिंदूभोवती पंख्यासारखे मांडलेले त्रिकोण) हा आकार काढायची सोयच नाही, आणि डायरेक्टएक्स ९ च्या जुन्या कोडला तो फार प्रिय. मॅकवर ओपनजीएल धरावं म्हणाल तर ॲपलनं ते ४.१ वरच गोठवून २०१८ मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकलंय.

स्वतः लिहिणारच असाल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. डायरेक्टएक्स ९ मध्ये पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर धरतात. ओपनजीएल, व्हल्कन, मेटल आणि डायरेक्टएक्स १० पासून पुढे तो अर्ध्यावर असतो. मेनूतली अक्षरं किंचित पुसट दिसली तर कारण हेच. आणि खोलीचा (वस्तू किती दूर आहे याचा) पल्ला डायरेक्टएक्समध्ये शून्य ते एक, ओपनजीएलमध्ये उणे एक ते एक. नाही बदलला तर जवळच्या वस्तू कापल्या जातील किंवा दूरचे डोंगर लुकलुकतील.

वेगाची काळजी सुरुवातीला करू नका. लेफ्ट फॉर डेड २ हा गेम लिनक्सवर नेताना व्हॉल्वच्या पहिल्या चालत्या बिल्डला सेकंदाला ६ फ्रेम मिळत होत्या. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलेले आकडे होते लिनक्सवर ३१५ आणि त्याच यंत्रावर विंडोजला २७०.६. फरक का पडतो ते शोधताना विंडोजच्या डायरेक्टएक्समध्ये प्रत्येक बॅचमागे (एकदम पाठवलेल्या चित्रकामामागे) जाणारा थोडा जादा वेळ सापडला, आणि विंडोजवरच ओपनजीएल वापरल्यावर आकडा ३०३.४ वर गेला. त्यांच्याकडे ड्रायव्हर लिहिणारे लोक शेजारी बसलेले होते हे खरं, पण पहिल्या आठवड्यातली रखडगाडी बघून कुणी हातपाय गाळू नयेत.

अक्षरं जर विंडोजकडून काढून घेत असाल तर अरबी, देवनागरी यांसारख्या लिपींची जोडणी आतापर्यंत फुकट होत होती. आता त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी लावावी लागेल.

लिनक्सवर बिल्ड वाटताना जुन्या सिस्टीमवर बांधा. नव्या जीलिबसीवर बांधलेला गेम जुन्या यंत्रावर सुरूच होत नाही, उलट मात्र सहसा चालतं. सहसाच म्हणतोय, कारण २०२२ मध्ये जीलिबसी २.३६ नं स्वतःच्या फाइलमधलं एक जुनं कोष्टक गाळलं आणि त्यावर विसंबलेलं ईझी अँटी-चीट अडखळलं. स्टीमवर असाल तर स्टीम रनटाइमच्या (व्हॉल्वनं ठरवून दिलेल्या लायब्ररींच्या संचाच्या) कंटेनरमध्ये बांधून मोकळे व्हा. सोबत लायब्ररी देताना सी प्लस प्लसची मूळ लायब्ररी मात्र देऊ नका; तुमची जुनी प्रत आधी लोड होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला हवी असलेली नवी फंक्शन्स तिच्यात सापडत नाहीत. खेळणाऱ्याला फक्त ग्राफिक्स कार्ड मिळालं नाही अशी तक्रार दिसते.

वेळ किती, याला आकडा देत नाही, पण एक ठोकताळा आहे. पडद्यावर पहिलं बरोबर चित्र येईल त्या दिवसापर्यंत जेवढा वेळ गेला असेल, निदान तेवढाच अजून बाकी आहे असं धरा. नेटवर्कवरचा खेळ असेल तर त्याहून जास्त.

आणि लिनक्स आधी, मॅक नंतर. मॅकची डिस्क नेहमीच्या रचनेत लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही, म्हणजे फाइलच्या नावांचे दोष तिथे लपून राहतात. लिनक्सवर पहिल्याच दिवशी उघडे पडतात. मेमरीतल्या चुका शोधणारी व्हॅलग्राइंड आणि ॲड्रेस सॅनिटायझर ही साधनं लिनक्सवर बिनतक्रार चालतात, आणि त्यांनी काढलेली मेमरीची दुखणी विंडोजच्या बिल्डमध्येही असतातच. तिथे ती फक्त सुदैवानं झाकलेली होती.

मॅकवर थेट एआरएमचा (ॲपलच्या नव्या प्रोसेसरचा) बिल्ड करा. इंटेलचा बिल्ड रोझेटा २ या ॲपलच्या भाषांतर करणाऱ्या थरावर चालतो, पण मॅकओएस २७ नंतर ती सोय फक्त काही जुन्या गेमपुरती ठेवणार असल्याचं ॲपलनं २०२५ मध्येच सांगून ठेवलंय. मेमरीच्या पानाचं माप तिथे ४ केबी नसून १६ केबी आहे, तेव्हा स्वतःचा मेमरी वाटप करणारा कोड असेल तर ४०९६ हा आकडा शोधून काढा. ॲपवरची डिजिटल सही आणि ॲपलकडची नोटरी तपासणी आधी एका रिकाम्या नमुना प्रोग्रॅमवर करून बघा, प्रकाशनाच्या आदल्या रात्री नको. सेव्ह आणि सेटिंग एक्झीशेजारी लिहिणारा विंडोजचा रिवाज इथे चालत नाही: ॲपच्या आत काही लिहिलं की सही बिघडते, आणि ब्राउझरनं उतरवलेलं ॲप सिस्टीम कधी कधी भलत्याच, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवते. तुमच्या बिल्डच्या फोल्डरमधून चालवून हे कधीच दिसणार नाही. झिप करा, संकेतस्थळावर चढवा, दुसऱ्या मॅकवर उतरवून घ्या, आणि मग सेव्ह करून बघा.